‘अनाथ’, ‘ग्रस्त’ आणि ‘सक्षम’ : स्त्रीसाहाय्याच्या मराठी परिभाषेची समीक्षा

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाची जी कथा सांगितली आहे, तिचा कळस विदर्भातील वत्सगुल्म नगरात गाठला जातो. सरस्वतीचा हा पुत्र रुसून घर सोडतो. स्नेहाहून बळकट बंधन नाही हे जाणून गौरी त्याला आवरण्यासाठी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती देशोदेशी त्याच्या मागे जाते. ज्या देशात जावे तेथला वेश आणि तेथला विलास तिला धारण करावा लागतो. काव्यपुरुषाचे मन हळूहळू वळते, आणि अखेर वत्सगुल्मात गांधर्वविधीने त्या दोघांचा विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ‘कर्पूरमंजरी’त जिचा उल्लेख येतो ती ‘वच्छोमी’ रीतीही याच नगराच्या नावावरून आलेली आहे. शब्द आणि अर्थ यांच्या साहचर्याचे रूपक म्हणून या कथेचा जो अर्थ लावण्यात येतो तो योग्यच होय. तथापि कथेच्या रचनेकडे पाहिले असता एक गोष्ट नजरेत भरते. रुसणारा तो, निघून जाणारा तो, वळणाराही तोच. वधूची निर्मितीच मुळी त्याला आवरण्याच्या कामासाठी झालेली आहे, आणि तिची इच्छा काय होती हा प्रश्न कथेत कोठेही उपस्थित होत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर साहित्यविद्या येथे करण आहे, कर्ता नाही.

कर्तृत्वाचा हा प्रश्न केवळ प्राचीन कथेपुरता राहिला असता तर त्याची चर्चा अलंकारशास्त्राच्या वर्गात संपली असती. परंतु वाशीम ज्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे, त्या जिल्ह्यात घरातल्या छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या स्त्रीला आज जे साहाय्य मिळते, त्या साहाय्याची भाषा तपासू लागले की तोच प्रश्न पुन्हा समोर येतो. १९०५ पर्यंत वऱ्हाडात ‘बाशीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. तो मोडला गेला, आणि आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. सहा तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११,९७,१६० लोकसंख्या, असा हा बहुतांशी शेतीवर जगणारा प्रदेश आहे. २०१८ पासून केंद्र शासनाच्या यादीत त्याची गणना ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत होते. (मराठीत ‘आकांक्षित’ म्हणजे ज्याची आकांक्षा धरली गेली तो, जो आकांक्षा धरतो तो ‘आकांक्षी’. जिल्ह्याला उद्देशून योजलेल्या विशेषणातही कर्त्याचे कर्म व्हावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.)

शासनाचे संरक्षण अधिकारी, २०१५ साली सुरू झालेल्या ‘सखी’ योजनेची केंद्रे, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या प्रेरणेने उभे राहिलेले बचत गट, आणि देणग्यांवर चालणाऱ्या धर्मादाय संस्था, असे या साहाय्याचे आजचे स्वरूप आहे. या सर्वांच्या कामातून एक गद्य निर्माण होत असते. अर्ज, जबाब, अहवाल, पत्रके, देणगीची आवाहने यांचे ते गद्य. वाङ्मय म्हणून त्याची गणना कोणी करीत नाही, म्हणून समीक्षकही त्याच्याकडे फिरकत नाहीत. वस्तुतः ज्या गद्यावर एखाद्या स्त्रीला घर मिळावयाचे की आश्रम, हे ठरते, त्याच्या शब्दांची छाननी एखाद्या कादंबरीच्या भाषेइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.

महाराष्ट्रातील अशा साहाय्याची परंपरा दीर्घ व आदरणीय आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले, पुढे पुण्यास गेले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुलींना आसरा देता देता त्याच कार्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. ही कामे झाली नसती तर पुढचे काहीच झाले नसते, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. पण नावांचा विचार वेगळा आहे. कर्व्यांच्या आश्रमात प्रथम ज्या आल्या त्या विधवा होत्या. त्यांतील कित्येकींचे आईबाप हयात असणार. तरी त्या ‘अनाथ’ कशा? येथे ‘नाथ’ शब्दाचा जुना अर्थ जागा होतो. नाथ म्हणजे पती. पती नाही ती अनाथ. आणि वय कितीही असो, ती ‘बालिका’. एका समासात स्त्रीचे नातेही ठरले आणि तिचे अज्ञानत्वही ठरले. त्या काळी लोकांच्या मनात सहानुभूती जागी करावयाची तर दुसरा शब्द चालला नसता, हेही तितकेच खरे. वर्गणी मागणाऱ्याला आपल्या श्रोत्यांचा शब्दसंग्रह वापरावा लागतो. हिंगण्याच्या संस्थेने पुढे ते नाव सोडून ‘स्त्री शिक्षण संस्था’ हे नाव घेतले, यावरून तिच्या चालकांनाही त्या शब्दाची मर्यादा कळली असावी. उलट रमाबाईंनी आपल्या संस्थांना दिलेली नावे, शारदा आणि मुक्ती, ही आश्रय घेणारीचे वर्णन करीत नाहीत. तिने कोठे पोचावयाचे ते सांगतात. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सुरू झालेल्या ‘सेवासदना’च्या नावात तर येणारी स्त्री ही सेवा घेणारी नसून सेवा करणारी आहे.

आजच्या आवाहनांतून ‘अनाथ’ मागे पडला आहे. त्याची जागा ‘पीडित’ आणि ‘अत्याचारग्रस्त’ या शब्दांनी घेतली आहे. यांतील दुसऱ्या शब्दाचा विचार विशेष करावा लागतो, कारण ‘ग्रस्त’ हे उत्तरपद मराठीत कोणाच्या पंक्तीस बसते ते पाहण्याजोगे आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, रोगग्रस्त. ही सारी संकटे अशी, की ज्यांना कर्ता नाही. पूर येतो, तो कोणी आणीत नाही. ‘अत्याचारग्रस्त’ हा शब्द या रांगेत बसला की नवऱ्याचा हातही पुराच्या पाण्यासारखा आपोआप आलेला वाटू लागतो. वऱ्हाडाला या प्रत्ययाची दुसरी ओळख २००६ सालच्या पंतप्रधानांच्या मदतयोजनेनंतर झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे ‘आत्महत्याग्रस्त’ म्हणून ओळखले जाऊ लागले. कर्जबाजारीपणा, कापसाचा भाव, सिंचनाचा अभाव ही कारणे बाजूला राहून आत्महत्याच जणू साथीच्या रोगाप्रमाणे जिल्ह्यावर पसरली. मागे राहिलेल्या पत्नीसाठी ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विधवा’ असा शब्दप्रयोग झाला. त्या स्त्रीच्या आयुष्यात पतीच्या मृत्यूपूर्वी घरात काय घडत होते, आणि मृत्यूनंतर दीर-सासऱ्यांनी शेताच्या सातबाऱ्यावर काय केले, हे विचारण्यास या नामात जागाच उरत नाही.

‘परित्यक्ता’ या शब्दाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. संगमनेर येथे १९८८ साली समता आंदोलनाने अशा स्त्रियांची परिषद भरवली आणि नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीचा प्रश्न हा दयेचा नसून हक्काचा आहे हे महाराष्ट्रापुढे मांडले. चळवळीने ‘परित्यक्ता’ हा संस्कृत शब्द वापरला, त्यामागे प्रतिष्ठेची अपेक्षा होती. बोलीतला शब्द ‘टाकलेली’. तो कानाला टोचतो. वस्तू टाकावी तशी माणसे टाकण्याची क्रिया त्यात उघडी पडते. आणि बोलीत तो एकटा क्वचितच येतो. ‘नवऱ्यानं टाकलेली’ असाच येतो, म्हणजे कर्ता तृतीयेत का होईना, हजर असतो. ‘परित्यक्ता’ म्हणताच शब्द सभ्य झाला, पण टाकणारा वाक्यातून निघून गेला. निशा शिवूरकर यांनी या लढ्यावरील आपल्या पुस्तकाच्या नावात ‘टाकलेल्या स्त्रियांचा’ असा शब्द योजला, आणि त्याच्या आधी ‘लढा’ हे नाम ठेवले, हे भाषिक दृष्ट्या अधिक अचूक म्हणावे लागेल. मालती बेडेकर यांच्या ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ या शीर्षकात मात्र क्रियापदच असे आहे की त्याला कर्ता लागत नाही. माणूस घराला मुकतो. त्याला मुकवणारा कोणी असलाच पाहिजे, असे मराठी व्याकरण म्हणत नाही. खुद्द बोलीही या बाबतीत निर्दोष आहे असे नव्हे. ‘माहेरी बसली’ हा वाक्प्रचार सर्वत्र रूढ आहे. तिला कोणी हाकलले, कोणी अर्ध्या रात्री अंगणात काढले, ते सारे गळून जाते आणि उरते ते तिचे बसणे, जणू तिनेच जागा निवडली.

सौजन्यासाठी शब्द बदलण्याच्या प्रयत्नातून काय निष्पन्न होते, याचा एक नमुना २०२३ च्या एप्रिलमध्ये पाहावयास मिळाला. राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ असा शब्द वापरण्याबाबत विभागाला प्रस्ताव करण्यास सांगितले. टीका झाल्यावर असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा करण्यात आला. लग्नपत्रिकांतील ‘गं. भा.’ कोणासाठी छापले जाते हे ज्यास ठाऊक आहे, त्यास या सूचनेतील विसंगती निराळी सांगावयास नको.

आता ‘सक्षमीकरण’ या शब्दाकडे वळावे. साहाय्याच्या गद्यात आज याच्याइतका प्रतिष्ठित शब्द दुसरा नाही. संस्थांच्या नावांत, योजनांत, भाषणांत तो सर्रास येतो. त्याची घडण पाणिनीच्या ‘च्वि’ प्रत्ययाची आहे. पाणिनीने कृ, भू आणि अस् या तीन धातूंच्या योगाने हा प्रत्यय सांगितला (५.४.५०), आणि त्याचा अर्थ परंपरेने ‘अभूततद्भाव’ असा केला आहे; जे तसे नव्हते ते तसे होणे. शुक्ल नव्हते ते शुक्ल केले, ते शुक्लीकरण. या न्यायाने सक्षम नव्हती तिला सक्षम केले, ते सक्षमीकरण. म्हणजे शब्दातच दोन विधाने दडलेली आहेत. एक, ही स्त्री पूर्वी अक्षम होती. दोन, तिला सक्षम करणारा दुसरा कोणी आहे. यांतील पहिले विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही. पहाटेपासून चूल, गोठा, सोयाबीनचे निंदण आणि परक्याच्या शेतातली मजुरी यांवर घर चालवणारी, मार खाऊनही मुले शाळेत धाडणारी रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील बाई अक्षम होती, असे म्हणण्यास कोणता आधार आहे? तिच्याजवळ क्षमता होती. नव्हते ते घर, नावावरची जमीन आणि तिचे म्हणणे टिपून घेणारे कचेरीतले माणूस. दुसरे विधान अधिक सूक्ष्म आहे. पाणिनीने भू आणि अस् या धातूंचीही वाट मोकळी ठेवली होती. मराठीने मात्र ‘कृ’च उचलला. सक्षमीभवन असा शब्द कोणी घडवला नाही. देणगीदारापुढे जो अहवाल जातो त्यात ‘इतक्या महिलांचे सक्षमीकरण केले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि स्वाभाविक वाटते, ते यामुळेच. कर्ता संस्था, कर्म महिला, आणि क्रिया पूर्ण.

यावर असा आक्षेप घेता येईल की शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. ‘सक्षमीकरण’ उच्चारणाऱ्या कार्यकर्तीच्या मनात पाणिनी नसतो. आक्षेप रास्त आहे. परंतु येथे प्रश्न व्युत्पत्तीचा नसून वाक्यरचनेचा आहे, आणि वाक्यरचना मनात नसली तरी आपले काम करीत राहते. पुण्याच्या नारी समता मंचाने आपल्या सल्ला केंद्राला ‘बोलते व्हा’ हे नाव दिले. त्यात ‘होणे’ आहे, ‘करणे’ नाही. आणि आज्ञार्थ समोरच्या व्यक्तीला उद्देशून आहे, तिच्याविषयी तिसऱ्याजवळ केलेले विधान नाही. दोन नावांतला हा फरक केवळ अभिरुचीचा म्हणून सोडून देता येत नाही. इंग्रजी लिखाणात ‘व्हिक्टिम’च्या जागी ‘सर्व्हायव्हर’ हा शब्द रुजला, त्यासाठी मराठीत अजून नाम सापडलेले नाही. ‘तगणे’ हे क्रियापद मात्र घरोघर आहे, आणि त्याला कर्ता लागतो.

वऱ्हाडच्या भूमीतच कर्त्याचा हा प्रश्न एका स्त्रीने १८८२ साली उभा केला होता. ताराबाई शिंदे यांचे बुलढाणे वाशीम जिल्ह्याला लागूनच आहे. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर जी राळ उडविण्यात आली तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. पुण्यात ते छापले गेले, जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली, आणि मग ते विस्मृतीत गेले, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. योगायोग असा की पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ हेही १८८२ चेच. त्या पुस्तकात रमाबाई स्त्रियांना उपदेश करतात. ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. पुढील आयुष्यात रमाबाईंनी जे कार्य केले त्यामुळे त्यांची योग्यता फार मोठी ठरली, यात वाद नाही. परंतु त्या एका वर्षातली दोन पुस्तके शेजारी ठेवली असता धारदार व्याकरण ताराबाईंचे आहे, असेच म्हणावे लागते.

ताराबाईंच्या पुस्तकाच्या नावातच साहसी कोण, स्त्रिया की पुरुष, हा प्रश्न घातलेला आहे. आजचा वाचक ‘साहस’ शब्दाने धाडस समजतो आणि येथे चुकतो. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हे व्यवहारपद आहे. बळाच्या जोरावर उघडपणे केलेला अपराध, असा त्याचा अर्थ. सुभाषितकारांनी स्त्रियांच्या स्वाभाविक दोषांच्या यादीत जो ‘साहस’ घातला त्याचीही छटा बेदरकार दुष्कृत्याची आहे. म्हणून ताराबाईंचा प्रश्न आजच्या मराठीत मांडावयाचा तर, हिंसा कोण करते, असा मांडावा लागेल. प्रस्तावनेत त्या स्वतःला मंदबुद्धीच्या आणि मराठा घराण्याच्या रिवाजाप्रमाणे घरात कोंडलेल्या म्हणवून घेतात. ही नम्रता त्या काळच्या लेखनाची रूढीच होती. पण पुढची पाने तिला पदोपदी खोटे पाडतात. त्या पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणतात. स्त्रियांवर लादलेला एकेक दोष उचलतात, तो पुरुषाच्या वर्तनाशेजारी ठेवतात, आणि कर्ता कोण ते विचारतात. बायको मेल्यावर लगेच दुसरी आणणारा नवरा आणि नवरा मेल्यावर अंधारात तोंड लपवणारी बायको यांना एका मापाने का मोजले जात नाही, ही त्यांची तक्रार सर्वपरिचित आहे. अधिक महत्त्वाचे हे, की त्या कोठेही स्त्रियांसाठी दया मागत नाहीत. त्यांचे नाव कोणत्या आश्रमाशी जोडले गेलेले नाही. साहाय्याच्या इतिहासात त्यांना स्थान मिळत नाही, ते कदाचित म्हणूनच. आश्रम काढणाऱ्याची शताब्दी साजरी होते, प्रश्न विचारणारीची क्वचित.

दान आणि दाय हे दोन्ही शब्द ‘दा’ या एकाच धातूपासून निघाले आहेत, पण धर्मशास्त्राने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. दान दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. दाय हा नात्यामुळेच प्राप्त होणारा वाटा, तो देणाऱ्याच्या मर्जीवर नसतो. स्त्रीच्या वाट्याला शतकानुशतके प्रामुख्याने दान आले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावावर जमीन करून द्यावी असे आवाहन केले, तेव्हा या दोहोंपेक्षा तिसराच शब्द पुढे आणला. तो शब्द ऋण. घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडावयाचे आहे, तिच्यावर उपकार करावयाचा नाही, अशी ती मांडणी होती. जमीन देणारा नवराच होता आणि देणे न देणे त्याच्याच हाती होते, ही मोहिमेची मर्यादा. पण ऋण म्हटल्यावर घेणारी सावकाराच्या जागी बसते, याचिकेच्या जागी नव्हे, एवढी भाषिक उलथापालथ तिने नक्कीच केली. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलगी जन्मतः सहदायाद झाली, तेव्हा ‘दाय’ शब्द तिच्यापर्यंत पोचला. महाराष्ट्राने हे पाऊल १९९४ सालीच टाकले होते.

वाशीमच्या बोलीत या सर्व चर्चेचे केंद्र एका क्रियापदात आहे. ते म्हणजे ‘नांदणे’. संस्कृत ‘नन्द्’ धातूपासून आलेल्या या क्रियापदात मुळात आनंद आहे. सुख नांदते, शांतता नांदते. विवाहित स्त्रीच्या संदर्भात मात्र त्याचा अर्थ सासरी राहणे एवढाच उरला. तरीही त्याचा कर्ता ती आहे. ‘ती नांदत नाही’, ‘ती नांदाले गेली’. आणि याच क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘नांदवणे’. त्याचा कर्ता नवरा किंवा सासर. ‘तिले नांदवत नाहीत’ या तीन शब्दांत वऱ्हाडी बोली जे सांगते, ते सांगण्यास कचेरीच्या मराठीला एक परिच्छेद लागतो, आणि त्यात करणारा हरवतो. ‘तो मले मारते’ असे बाई सांगते. कागदावर ‘अर्जदारास मारहाण होत असते’ असे उतरते. ‘मारते’चा कर्ता ‘तो’ होता. ‘मारहाण होणे’ला कर्ता नाही. पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा बाईच्या बाबतीत गोरबोलीतून मराठीत आणि मराठीतून कचेरीच्या मराठीत, असा दुहेरी अनुवाद घडतो, आणि प्रत्येक पायरीवर काही सांडते.

म्हणून ‘नांदणे’ हा शब्द जसाच्या तसा उचलून धरावा, असे सुचविण्याचा हेतू नाही. या एका शब्दाने केलेला अन्याय लहान नाही. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा १८८४ ते १८८८ पर्यंत गाजलेला मुंबईचा खटला मुळात नांदावयास येण्याचाच होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी जाण्याचे नाकारले. १८८७ साली न्यायालयाने, नांदावयास जा अन्यथा तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा तुरुंग पत्करण्याची तयारी त्यांनी दाखविली. अखेर पैशाच्या तडजोडीवर तो वाद मिटला, आणि रखमाबाई इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. एका क्रियापदाचा कर्ता होण्याचे नाकारणारी ही पहिली प्रसिद्ध मराठी स्त्री म्हणावयास प्रत्यवाय नाही. आजही समुपदेशनाच्या अहवालांत ‘समजूत घालून नांदावयास पाठविले’ हे यश म्हणून नोंदविण्याची प्रवृत्ती आहे. ज्या घरातून ती जीव वाचवून निघाली तेथेच तिला परत धाडणे हे यश कसे ठरते, हे त्या वाक्यात कोठेही सिद्ध केलेले नसते. ‘नांदणे’ या शब्दातील आनंदाची जुनी छटा परस्पर ते काम करून जाते.

तथापि याच शब्दाच्या दुसऱ्या बाजूला कायद्याने अलीकडे आधार दिला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. १९ व्या कलमाखाली दंडाधिकारी हिंसा करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतो. आश्रमाची शंभर वर्षांची परंपरा ‘ती कोठे जाईल?’ या प्रश्नावर उभी होती. या कलमाने ‘ती का जाईल?’ असे विचारले. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असा निर्णय दिला. एकत्र कुटुंबाच्या वाड्यांत आणि सासऱ्याच्या नावावरील घरांत सुना नांदतात त्या ग्रामीण वऱ्हाडाच्या दृष्टीने हा निर्णय शहरांपेक्षाही महत्त्वाचा आहे. धर्मादाय संस्थांना या कायद्यात सेवा देणाऱ्या संस्था म्हणून नोंदणी करून घेता येते. म्हणजे दानावर चालणारी संस्था येथे हक्काच्या कामाला जुंपली जाते. जिल्ह्यातील संस्थांनी आपल्या आवाहनांची भाषा या भूमिकेनुसार बदलली तर देणगीदार दुरावतील अशी भीती व्यक्त होते. ती अगदीच निराधार नाही. दयेला हात लवकर खिशात जातो.

या कायद्याच्या मूळ इंग्रजी मसुद्यात स्त्रीसाठी योजलेला शब्द ‘ॲग्रीव्ड पर्सन’ असा आहे. जिचे काही गाऱ्हाणे आहे ती व्यक्ती, असा त्याचा सरळ अर्थ. हिंदीत तिची ‘व्यथित व्यक्ती’ झाली आणि मराठी पत्रकांतून सर्रास ‘पीडिता’ झाली. गाऱ्हाणे मांडता येते. पीडा केवळ भोगता येते. ‘गाऱ्हाणे’ हा शब्द खेड्यापाड्यांतील प्रत्येक बाईच्या तोंडी असताना तो परिभाषेत का घेतला गेला नाही, याचे उत्तर एवढेच की तो फार ओळखीचा होता. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या अधिनियमाची आणखी एक नवलाई आहे. शारीरिक, लैंगिक आणि आर्थिक हिंसेबरोबर शाब्दिक व भावनिक हिंसेचाही त्यात समावेश आहे, आणि मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून केलेली हेटाळणी तिच्यात स्पष्टपणे धरली आहे. ‘वांझोटी’ हा शब्द कोशात आजवर केवळ विशेषण होता. दंडाधिकाऱ्यापुढे तो आता कृत्य ठरतो.

२००६ च्या नियमांना जोडलेले नमुने या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. स्त्रीला तिचे हक्क सांगणारा चौथा नमुना द्वितीय पुरुषात आहे. तुम्हाला घरात मारहाण होत असेल, धमकावले जात असेल, तर ही कौटुंबिक हिंसा आहे आणि तुम्हाला संरक्षण मागण्याचा हक्क आहे, अशा आशयाने तो सुरू होतो. ताराबाईंनी ‘तुम्ही’ पुरुषांना म्हटले होते. येथे शासन स्त्रीला म्हणते. पहिला नमुना घटनेच्या अहवालाचा. संरक्षण अधिकाऱ्याने किंवा सेवा देणाऱ्या संस्थेने तो भरावयाचा असतो. त्यात घटनेची तारीख, वेळ आणि ठिकाण यांच्या शेजारी एक स्वतंत्र रकाना आहे : हिंसा कोणी केली. ‘मारहाण होत असते’ असे वाक्य त्या रकान्यात मावत नाही. ‘सासरची मंडळी’ हे समूहवाचक पदही तेथे पुरेसे होत नाही. तेथे माणसाचे नाव लिहावे लागते.